कार्ड जिवंत होतं तोवर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे वरिष्ठ अधिकारी, बँकेतून आवर्जून आलेले पाहुणे, सरकारी वकीलसाहेब, पोलीस खात्यातली सगळी मंडळी, मॅडमच्या घरची माणसं आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आपल्या मॅडम, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत काम करतो. माझी शाळा सातवीत सुटली, का सुटली ते आज नको. एका जागी बसणं मला कधी जमलं नाही, म्हणून थोरला भाऊ मला भोवरा म्हणायचा आणि त्याच्यामुळे अख्खी लॉन्ड्री म्हणते. या माइकसमोर माझे पाय हलताना दिसले तर घाबरलोय असं समजू नका, ते तसेच आहेत.

हे भाषण मी काल मुकादमाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अरे, यात मॅडमपेक्षा तुझा भाऊच जास्त आहे." मी म्हटलं, काय करणार? मॅडमची आणि माझी गाठ त्यानंच घालून दिली. तीही तो वारल्यानंतर.

माझ्या आधी बोललेल्यांनी मॅडमच्या मोठमोठ्या केसेस सांगितल्या. माझी त्यात नव्हती, नसणारच. ती लहान होती, पण माझ्याकडे तेवढी एकच आहे.

भाऊ लॉन्ड्रीची व्हॅन चालवायचा. एका दुपारी त्यानं व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली, इंडिकेटर लावला, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. लोकांना वाटलं, ड्रायव्हर झोपलाय. इतकी नीट लावली होती गाडी. त्याला पेटीतून घरी पाठवलं, पण मला रजा मिळाली नाही. सोबत एकाचंच तिकीट निघालं आणि ते कंपनीच्या माणसाचं. मी लॉन्ड्रीच्या गोदामाच्या दारात उभा राहून त्याची पेटी नेणारा ट्रक गेलेला पाहिला, एवढंच. त्याचं सामान माझ्याकडे आलं. कपडे, चष्मा, फोन, पाकीट आणि पाकिटात त्याचं क्रेडिट कार्ड.

मग एक दिवस त्याचा फोन वाजला. मेसेज होता, आपल्या कार्डावरून औषधाच्या दुकानात खरेदी झाली आहे. खाली रक्कम, अगदी किरकोळ.

तुम्ही सगळे या कामातले. तुम्हाला लगेच कळलं असेल. मला काय कळलं सांगू? मला वाटलं, भावाचं डोकं दुखत असणार.

मी घरी वहिनीला फोन केला. वाटलं, घाबरेल. ती म्हणाली, "भावजी, जवळच्याच दुकानात का?" दोन दिवसांनी चष्म्याच्या दुकानाचा मेसेज आला. वहिनी म्हणाली, "अहो, काडी सैलच झाली होती त्यांची." मग रोज संध्याकाळी तिचाच फोन यायला लागला. "आज काय घेतलं ह्यांनी?" मी सांगायचो. चप्पल. ब्रेड. एकदा मिठाईचं दुकान आलं तर ती रागावली, "साखर वाढलीय, सांगून सांगून थकले मी." आणि मग आम्ही दोघंही हसलो.

चष्मा माझ्या ट्रंकेत होता. कार्ड माझ्या खिशात होतं. मला दिसत का नव्हतं? दिसत होतं. माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी दिसू शकतात, मंडळी, हे मी शपथेवर सांगेन.

बँकेला मात्र एकच दिसत होती. खातेदार वारल्याचं कंपनीनं कळवलेलं आणि त्याचं कार्ड बाजारात फिरतंय. तक्रार मॅडमकडे आली आणि मॅडमनी बोलावलं मला. कारण उघड होतं. कार्ड कुणाकडे? वारलेल्याच्या भावाकडे, म्हणजे माझ्याकडे.

त्यांच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि मोडका पंखा होता. पंखा आता बदललाय असं ऐकलं, अभिनंदन. मॅडम म्हणाल्या, "बस."

"उभाच बरा आहे, मॅडम."

"तपासात उभं राहणाऱ्यावर संशय जास्त येतो," त्या म्हणाल्या. मी बसलो.

त्यांनी विचारलं, कार्ड कुठे आहे? मी काढून टेबलावर ठेवलं. मग त्यांनी मला कायदा समजावला. मला समजावणारं तोपर्यंत कुणी भेटलं नव्हतं, सगळे दमच द्यायचे. त्या म्हणाल्या, "तीन गोष्टी लागतात. कार्ड दुसऱ्याचं. वापरायला परवानगी नाही. आणि मनात फसवायचा हेतू. तिन्ही दाखवता आल्या की गुन्हा. कार्ड हातात नसलं तरी चालतं, नुसता नंबर चोरून ठेवला तरी पुरे. खर्च नाही केला तरी नंबर विकणं वेगळा गुन्हा, चोरायचं यंत्र बाळगणं वेगळा."

मी विचारलं, "आणि मालकानंच परवानगी दिली असेल तर?"

"मालक वारलाय."

"हो, पण..." मी म्हटलं.

नेमका तेव्हा भावाचा फोन वाजला. मेसेज. किराणा दुकान, शहराच्या दुसऱ्या टोकाला. कार्ड आमच्या दोघांच्या मधे टेबलावर पडलेलं. मॅडमनी मेसेज वाचला, कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दारातल्या हवालदारांना म्हणाल्या, "भूत झालंय याचं. आहे गावातच."

मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे तुम्हालाही तसंच वाटतं?"

हवालदारसाहेब समोर बसलेत. ते हसले नाहीत, याबद्दल त्यांचे वेगळे आभार. तुमच्या खात्यात नकली कार्डाला भूत म्हणतात, हे मला कुठून माहीत असणार? मूळ कार्ड एका जागी पडून राहतं आणि त्याची नक्कल गावभर हिंडते, म्हणून भूत. हवालदारांनी मला बाहेर नेलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात ते समजावून सांगितलं. मी पाणी प्यायलो. समजलंही. आणि आत कुठेतरी मी त्यांच्यावर फार रागावलो.

मग मॅडमनी जे सांगितलं ते ऐकून मी चक्रावलो. म्हणाल्या, "कार्ड आत्ताच बंद करायचं नाही. जिवंत ठेवायचं. तो वापरत राहील आणि आपल्याला सापडेल." बँकेकडून माहिती यायला दुसरा दिवस उजाडतो, फोनवर मात्र लगेच येते. म्हणून मी फोन घेऊन पाळीनंतर जीपमध्ये बसायचं. इतर लोक म्हणे टेबलावर डोकं आपटतात, मॅडम, कार्ड आधी बंद करा. मी म्हणालो, कितीही दिवस ठेवा.

जीपमध्ये आम्ही बरेच दिवस काढले. मॅडम पुढे, मी मागे. मी सारखा चुळबुळ करायचो, गाडी हलायची. त्या म्हणायच्या, "भोवऱ्या, स्प्रिंग सरकारी आहे."

एका दुपारी फोन वाजला. मी वाचलं. घड्याळाचं दुकान, आम्ही उभे होतो त्याच्या पुढच्याच चौकात.

मंडळी, मी काही बोललो नाही. माझ्या तोंडातून नाव निघालं की तिथे एक माणूस पकडला जाणार, आणि उद्या संध्याकाळी वहिनीला सांगायला माझ्याकडे काही उरणार नाही. फोन वाजलेला मॅडमनी ऐकलाच होता. त्यांना तो हिसकावून घेता आला असता. त्या मागे वळल्याही नाहीत. आरशात माझ्याकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी दुकानाचं नाव सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा एक माणूस काउंटरशी घड्याळाला नवा पट्टा बसवून घेत होता. मी त्याला ओळखलं. भाऊ व्हॅनमध्ये ज्या पंपावर डिझेल भरायचा तिथला कामगार. पंपावर कार्ड घालायच्या फटीवर त्यानं नंबर चोरायचं पातळ यंत्र बसवलं होतं, हे मागाहून कळलं. हवालदारांनी त्याचा हात धरला. त्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला, खरंच सांगतो. "अरे, तू त्याचा भाऊ ना? दिसला नाही बरेच दिवस. कसा आहे तो?"

दुकानातली सगळी घड्याळं चालू होती. उत्तर माझंच होतं.

"गेला," मी म्हणालो. तोपर्यंत तो शब्द मी कुणापाशीच उच्चारला नव्हता. वहिनीपाशीही नाही.

तो माणूस खाली बसला. नाटक होतं का? वकीलसाहेब म्हणतील, होतं. मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे कोर्टात त्याच्या वकिलानं मुद्दा काढला. कार्डाचा मालक हयात नाही, मग फसवलं कुणाला? परवानगी नव्हती हे सांगणार कोण? न्यायाधीश म्हणाले, परवानगी माणसाबरोबर संपते. आणि कार्ड भावाचं कधी नव्हतंच, ते बँकेच्या मालकीचं असतं, मागे छापलेलं आहे. फसवली गेली ती बँक. शिक्षा झाली, निकाल बरोबरच होता. बँकेचे पाहुणे रागावू नका, पण मी कोर्टाच्या बाकावर बसून विचार करत होतो की इतके दिवस रोज संध्याकाळी फसत होतो ते आम्ही दोघं, आणि आमचं नाव कशातच नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं आहे. दुकानातून आम्ही बँकेत गेलो. आता कार्ड बंद करायचं होतं. काउंटरवरच्या साहेबांनी बोटं कीबोर्डवर ठेवली. मॅडम म्हणाल्या, "थांबा." मला म्हणाल्या, "वहिनींना फोन लाव."

मी लावला. वहिनी म्हणाली, "भावजी, आज लवकर?" आणि मी फोन कानापासून दूर धरला. मॅडमनी हात पुढे केला, फोन घेतला. आपण कोण ते सांगितलं. माणूस सापडला, म्हणाल्या, चोर होता. मग मॅडम म्हणाल्या, "मला आता तुमच्या यजमानांचं कार्ड बंद करायचंय. तुमची परवानगी हवी."

बँकेचे साहेब आमच्याकडे बघत राहिले. अशी परवानगी कायद्यात कुठेच लागत नाही, हे मला कोर्टात कळलं. बँक हवं तेव्हा बंद करू शकत होती. मॅडमना ते माहीत होतं.

फोन मॅडमच्या कानाला होता, तरी मला वहिनीचा श्वास ऐकू येत होता. मॅडमनी घाई केली नाही. मागे रांग वाढली, कुणीतरी कुरकुरलं, हवालदारांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बऱ्याच वेळानं वहिनी म्हणाली, "करा."

तेव्हा कुठे मॅडमनी बँकेच्या साहेबांकडे बघून मान हलवली.

मॅडम, वहिनीचा निरोप आहे. ती म्हणते, घरच्या कुणी, कंपनीनं, डॉक्टरांनी, तिला काही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी कळवलं होतं. विचारलं तुम्ही एकट्यांनी.

वेळ दिलीत, शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचे आभार. कुणाचं नाव आधी घ्यायचं ते मागे गेलं असेल, कायद्याचा एखादा शब्द उलटा पडला असेल, तर ती चूक माझ्या सातवीची. मॅडमनी नीटच शिकवलं होतं. सांभाळून घ्या.