मशीनची जागा

फिजिओ : ते कळलं हो आजी. इमर्जन्सीच्या कागदावर लिहिलंय, ‘तोल जाऊन पडल्या’. पण तोल गेला तेव्हा तुम्ही काय धरायला गेलात?

आई : काय धरणार? मीच मेली धांदरट. उठले, दोन पावलं टाकली नि आपटले. कपाळाला पाच टाके. झालं!

मुलगा : आई, या फिजिओताई दवाखान्यातून मुद्दाम घरी आल्यात. नीट सांग ना.

आई : तू गप रे. पडले मी, का तू?

फिजिओ : दोन महिन्यांत दुसऱ्यांदा पडलात. तिसऱ्यांदा पडू नये, म्हणून तर आले. चला, उठून दाखवा. घाई नको. आधी पलंगाच्या कडेला बसा, पाय हलवा. गरगरतंय?

आई : जरासं. ती रक्तदाबाची गोळी बदलल्यापासून.

मुलगा : हे मला कधी बोलली नाहीस!

आई : तू घरात टेकतोस कधी?

फिजिओ : गोळीचं मी डॉक्टरांना आजच कळवते. तोवर मनानं बंद करू नका. हं, उभ्या राहा, मी धरलंय. आजी, हा उजवा हात असा हवेत का?

आई : सवय हो.

फिजिओ : कसली सवय? तिथं तर काहीच नाहीये.

मुलगा : मशीन होतं तिथं.

आई : अरे, कशाला आता ते...

मुलगा : हिचं शिलाई मशीन. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले त्यावर. पलंगावरून उठली की मशीनला हात, मग चौकटीला हात, की आलं बाथरूम. पहिल्यांदा पडली तेव्हा दवाखान्यातून कागद मिळाला, ‘येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवा’. मी रविवारी भंगारवाल्याला बोलावलं नि केली मोकळी.

फिजिओ : कागदावर बाकीचंही होतं. भिंतीला धरायचा दांडा, व्यायाम, चष्म्याचा नंबर...

मुलगा : दांडा आणलाय.

फिजिओ : कुठाय?

मुलगा : कपाटावर. खोक्यात. भिंतीला भोकं पाडायला माणूस बोलवायचा होता. आज बोलवू, उद्या बोलवू... मशीन हलवायला अर्धा तास पुरला. तेवढं केलं नि वाटलं, सुटलो. ऑफिसात सांगत फिरलो, आईसाठी घर मोकळं केलं म्हणून! आता तोंड दाखवायची लाज वाटते.

आई : अरे, मीच म्हटलं होतं ना, बरं झालं, अडगळ गेली?

मुलगा : म्हटलंस. नि मशीन जिना उतरत होतं तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. दिसलं होतं मला. मीच कानाडोळा केला.

फिजिओ : मशीनही भरवशाचं नव्हतं. अंगाचा भार पडला असता तर सरकलं असतं. पण आधी दांडा बसायला हवा होता. आणि आजी कुठं कुठं हात टेकतात, ते त्यांना विचारायला हवं होतं.

आई : पुरे ना आता! पोराला किती बोलाल?

फिजिओ : चुकलं तुमचंही आहे. गरगरतं ते लपवलंत.

आई : लपवलं. सांगितलं असतं तर यानं उचलून लेकीकडे नेऊन ठेवलं असतं मला. तिथं सगळं हातात मिळतं, पण कुणी उठू देत नाही. इथं माझ्या पायांनी उठते मी. तेवढंच उरलंय आता.

मुलगा : कुठंही पाठवणार नाही तुला.

फिजिओ : मग ऐका. पलंगापासून दारापर्यंत दांडा. उंचीची खूण करते, ही बघा. रोज खुर्चीवरून उठबस, दहा वेळा. खुर्ची भिंतीला टेकवून, आणि दादा, तुम्ही समोर असताना. चष्म्याचा नंबर या आठवड्यात तपासून घ्या. येते मी, सोमवारी बघायला येईन.

(मुलगा तिला दारापर्यंत सोडून येतो, कपाटावरचं खोकं उतरवतो.)

मुलगा : सुताराला फोन केलाय. तासाभरात येतोय.

आई : कामावर नाही जायचं तुला?

मुलगा : नाही.

आई : मला तर आत्ताच जायचंय बाथरूमला.

मुलगा : आधी कडेला बस. पाय हलव. हं, आता ऊठ. मी उभा आहे मशीनच्या जागी. धर.

आई : अजून इकडे सरक. मशीन इतकं लांब नव्हतं.