चिठ्ठी माझ्या हातची

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा माननीय इंदिराताई, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेले आमचे डॉ. अनंत सोमण सर, आणि मावळातल्या गावागावांतून आलेल्या बंधू-भगिनींनो,

सरांच्या पवनानगरच्या पायांच्या दवाखान्यात मी चार वर्षं डॉक्टर म्हणून त्यांच्या हाताखाली आहे. सरांविषयी दोन चांगले शब्द बोल, असं मला सांगितलं आहे. चांगलंच बोलणार आहे, पण ते माझ्या चुकीतून जातं.

गेल्या वर्षी भातलावणीत झुंबरबाई आल्या. बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी सोललेल्या, पाऊल सुजलेलं. म्हणाल्या, "जीपनं सारकं येनं व्हत न्हाई, जादा लिवून द्या." पाच दिवसांच्या दहा गोळ्या पुरे होत्या. मी दुखण्या-सुजेच्या तीस लिहिल्या. वराळ्यात माझ्या आईचं औषधांचं दुकान आहे. घरात कोणाला काय आजार आहे, हे विचारल्याशिवाय ती गोळी देत नाही. शाळेत जायच्या आधी मी हे शिकले होते. त्या दिवशी विचारलं नाही. रांग मोठी होती म्हणू का? रांग रोजच मोठी असते.

झुंबरबाईंच्या वाडीत लावणी इर्जिकीनं होते, आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. चिखल्या सगळ्यांनाच. त्यांनी गोळ्या वाटल्या. पुढं मला म्हणाल्या, "पोरी, समदी संगं राबतो, मग गोळी येगळी कशी खायाची?" यात त्यांचं काय चुकलं? त्यांचे दीर रखमाजी आबा यांनी त्या आठवडाभर खाल्ल्या. आबांची किडनी आधीच कमजोर होती, या गोळ्यांनी ती निकामी झाली. आता ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात.

आबांचे चिरंजीव निलेशभाऊ औषधाची ती चिठ्ठी घेऊन जाब विचारायला आले. सर म्हणाले, "माझ्या सांगण्यावरून लिहिली." ते खरं नव्हतं, चिठ्ठी लिहिली त्या दिवशी सर पुण्यात होते. वाडीनं सरांकडे येणं सोडलं. मला सर एवढंच म्हणाले, "तुला इथं अजून वीस वर्षं काम करायचंय. गप्प राहा." मी राहिले. सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगायला हवं.

निलेशभाऊ, झुंबरबाईंच्या आग्रहानं तुम्ही आज आलात, मागं बसला आहात. ती चिठ्ठी सरांच्या सांगण्यावरून नव्हती, मी माझ्या मनानं लिहिली होती. सर, तुमचं ऐकलं नाही, रागवा.

आता मी पाच दिवसांचंच लिहिते आणि विचारते, "यातली अजून कोण खाणार?" बाया हसतात, पण सांगतात.

बोलू दिल्याबद्दल संयोजकांची ऋणी आहे. शब्द कुठं अडखळला असेल, तर सभेनं सांभाळून घ्यावं. चिठ्ठीची माफी मात्र सभेकडे मागत नाही. निलेशभाऊ, इथून निघाले की त्यासाठी मी आबांकडे येणार आहे. घरात घ्यायचं की दारातून परत पाठवायचं, ते तुम्ही ठरवा.