बंद दुकानातला फ्रीज

नळ आला होता. मी दारातल्या पिंपात पाणी भरत होते आणि हे ओट्यावर बसून जुन्या धोतराची फडकी फाडत होते. दुकानातला फ्रीज पुसायला. मी म्हणाले, "कालच तर पुसला." हे म्हणाले, "काल जेवलीस म्हणून आज उपाशी राहतीस का?" मग टोपी घातली, चपला घातल्या, आणि फाटकातून मागं वळून म्हणाले, "पिंप भरून वाहायलंय. नळ बंद कर."

एवढंच. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. दुपारी दुकानातच छातीत कळ आली आणि परभणीच्या वाटेवर सगळं संपलं.

मंडळी, इथं आपल्या बोरीचे लोक आहेत, वाड्यावस्त्यांवरचे आहेत, जिंतूर-सेलूकडून आलेले दुकानदार आहेत. एवढ्या उन्हात आलात. मी माइकसमोर कधी उभी राहिलेली नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले. पुढचं वाचायला शिकले ते दुकानातून घरी आलेल्या कागदांवर, पेपरांवर, पुस्तकांवर. बोलताना अडखळेन. आवाज बसला तर थोडं थांबेन, तुम्हीही थांबा. पण मला बोलायचं आहे. हे, म्हणजे तुमचे अप्पा, गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

माझ्या आधी बोलणाऱ्यांनी त्यांना देवमाणूस म्हटलं. चांगल्या मनानं म्हटलं. पण एकदा देवमाणूस म्हटलं की आपण मोकळे होतो. देवासारखं वागणं आपल्याला थोडंच जमणार आहे? मंडळी, अप्पा देव नव्हते. चहा गार मिळाला की घर डोक्यावर घ्यायचे. ते मेडिकलचं दुकान चालवत होते. बस. आणि मेडिकलमध्ये काय काय होऊ शकतं, हे त्यांना कळलेलं होतं.

काय होतं तिथं? गोळ्या विकणं? तुमच्यापैकी किती जण गोळी मागायला गेले आणि गोळी न घेता परत आले, जरा आठवा.

"अप्पा, पाठ लय दुखायलीय. दोन भारी गोळ्या द्या."

"आधी बस. हात दे."

"पाठ दुखायलीय, हात कशाला?"

"बीपीचा पट्टा पाठीला बांधता येत न्हाई म्हणून."

हसता ना? तिथंही सगळे हसायचे. पण पट्टा बांधला की त्यांचा चेहरा बदलायचा. आकडा वाढलेला असला की माणसाला सरळ सरकारी दवाखान्यात पाठवायचे. भारी गोळी मिळायची नाही. माणूस शिव्या देत जायचा. तो जाऊन आला का, हे मात्र अप्पा संध्याकाळी त्याच्या घरावरून येताना विचारायचे.

एक म्हातारी पिशवीभर औषधं घेऊन आली होती. दोन डॉक्टरांकडची. मी तेव्हा डबा द्यायला गेले होते. अप्पांनी सगळं काउंटरवर ओतलं आणि दोन पाकिटं बाजूला काढली. "ही अन् ही एकच गोळी हाय. दोन्ही खाशील तर चक्कर येऊन पडशील." म्हातारी म्हणाली, "एक कशी? एक पांढरी हाय, एक गुलाबी हाय." अप्पा म्हणाले, "लुगडं बदललं म्हणून बाई बदलती का?" म्हातारी एवढी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. मग खोकला किती दिवसांचा, असं विचारून तिला बेडका तपासायलाही पाठवलं. आणि वर बजावलं, "गोळी मी सांगितली म्हणून बंद करू नको. डॉक्टरला दाखव. मी डॉक्टर न्हाई."

हे वाक्य ते दिवसातून कितीदा म्हणायचे. मी डॉक्टर न्हाई. जे आपलं नाही ते करायचं नाही, आणि जे आपलं आहे ते टाळायचं नाही.

आणि तो फ्रीज. साखरेच्या आजाराचं इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात काय होतं, तुम्हाला सांगायला नको. कोणाकडं फ्रीज नाही, कोणाकडं आहे तर लाइट नाही. दुकानात इन्व्हर्टर होता. मग अप्पांनी फ्रीजचा खालचा कप्पा लोकांना दिला. ज्याचं त्याचं इन्सुलिन, ज्याच्या त्याच्या डब्यात. कोणाची लोणच्याची बरणी, कोणाचा बिस्किटाचा डबा. लोक शेतात जायच्या आधी यायचे, आपला डबा काढायचे, आडोशाला बसून सुई घ्यायचे आणि जायचे. अप्पा टोचून देत नसत. शिकवत. कोणी कचरलं की म्हणत, "सुई तुझी, पोट तुझं. भ्या तेवढं माझ्याकडं ठेव."

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते.

अप्पा गेले त्या दिवशी नागनाथ भाऊजींनी दुकान बंद केलं. भाऊजी म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, समोर बसलेत. जपून वागणारा माणूस. कुलूप लावायच्या आधी त्यांनी मेन स्विच बंद केला. दुकान बंद राहणार, मागं काही जळायला नको. कोणीही शहाणा माणूस हेच करील. अप्पांनीही हेच केलं असतं. भाऊजींना विचारूनच मी हे बोलतेय.

दुसऱ्या दिवशी आपण माती दिली. घर माणसांनी भरलं. शाळेमागच्या वस्तीतली सुमनबाई सकाळी यायची, संध्याकाळी यायची. "जयभीम अक्का" म्हणायची आणि खांबाला टेकून बसायची. मला वाटलं, किती जीव होता हिचा अप्पांवर. तिसऱ्या दिवशी तिनं हळूच विचारलं, "अक्का, दुकान कधी उघडल?"

शेजारी बसलेली एक म्हातारी तिच्यावर वसकली. "मातीवरची फुलं सुकली न्हाईत, अन् हिला दुकानाची घाई!"

सुमनबाई उठली. मी तिच्या मागं अंगणात गेले. तिनं चपला पायात घातल्या नव्हत्या, हातातच धरल्या होत्या.

"काय पायजे होतं गं?"

"काय न्हाई."

"खोटं नको बोलू."

तेव्हा ती रडायला लागली. "प्रज्ञाचं इंजेक्शन तुमच्या फ्रीजात हाय."

प्रज्ञा तिची लेक. दहावीला आहे. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. सकाळ-संध्याकाळ सुई लागते, एक दिवसही चुकवून चालत नाही.

"मग पहिल्याच दिवशी का न्हाई बोललीस?"

"मैताच्या घरी मागायचं कसं अक्का?"

"समोरच्या मेडिकलमधून आणायचं!"

"बालाजीभाऊंनी बी बंद ठेवलंय. अप्पांसाठी. दोन्ही दुकानं बंद हायत."

"पोरगी कशी हाय?"

"सारखं पाणी मागायलीय. सकाळपासून उलट्या व्हायल्यात."

ऐकलंत? सगळे मान ठेवत होते. तिनं आमच्या दुःखाचा मान ठेवला. बालाजीभाऊंनी अप्पांचा मान ठेवला. म्हातारीनं रीतीचा मान ठेवला. आणि वस्तीत एक पोरगी निपचित पडली होती.

मी भाऊजींकडं किल्ली मागितली. ते म्हणाले, "वहिनी, आत्ता दुकान उघडलं तर लोक काय म्हणतील? अन् फार्मासिस्ट नसताना उघडणं कायद्यात बसत न्हाई."

"मी विकायला उघडत न्हाई. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडं हाय, ती द्यायला उघडते."

"पण सुतक..."

"आपल्या लिंगायतांत सुतक न्हाई. मी वाचलंय. अन् तुमी दरवर्षी जयंतीच्या भाषणात तेच सांगता."

भाऊजींनी किल्ली दिली. नुसती दिली नाही, स्वतः आले आणि शटर उचललं.

आतून भट्टीसारखी वाफ आली. फ्रीजचं दार उघडलं तर आतला दिवा लागला नाही. खाली पाणी साचलेलं. डब्यांना हात लावला, गरम. भाऊजींनी मेनकडं बघितलं आणि कपाळाला हात लावून खालीच बसले.

मंडळी, दूध नासलं की वास येतो. भाजी नासली की बुरशी धरते. इन्सुलिन उष्णतेनं गेलं तरी बऱ्याचदा तसंच दिसतं. स्वच्छ, पाण्यासारखं. हे मला अप्पांकडून माहीत होतं. सुमनबाईनं डब्यासाठी हात पुढं केला होता आणि मी तो तिला दिला नाही. तिची वस्तू, तिच्या पोरीचा जीव, आणि मी डबा छातीशी धरून उभी. ती माझ्याकडं बघत होती ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मी रस्ता ओलांडून बालाजीभाऊंच्या घरी गेले. त्यांचं आणि अप्पांचं किती पटत होतं, गावाला ठाऊक आहे. सुट्ट्या पैशांसाठीसुद्धा कधी एकमेकांच्या पायऱ्या चढले नाहीत. पण त्यांनी एक शब्द विचारला नाही. दुकान उघडलं, साखर मोजायचं मशीन उचललं, वस्तीत आले. पोरीच्या बोटाला सुई लावली. मशीननं आकडाच दाखवला नाही, मोजता येत नाही एवढी साखर. बालाजीभाऊ म्हणाले, "आता हे दुकानाचं काम न्हाई. दवाखाना." आणि स्वतःच्या गाडीत घालून परभणीला नेलं.

प्रज्ञा वाचली. ती तिथं मागं आईजवळ बसली आहे. बाळ, मान खाली घालू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही.

मला हे सांगायचं होतं. आज या सभेसाठी बाजार बंद ठेवलाय. कापडाचं दुकान बंद ठेवा. सोनाराचं ठेवा. पण मेडिकलवाला गेला म्हणून मेडिकल बंद ठेवू नका हो. हा कसला मान? माणूस ज्या कामासाठी उठत होता तेच काम बंद पाडून त्याला श्रद्धांजली?

आमच्या दुकानाचं पुढं काय होणार, मला माहीत नाही. परवाना त्यांच्या नावावर होता. शिकलेला फार्मासिस्ट मिळाला तर उघडेल, नाही तर नाही. मी शोधतेय. रोज कोणाला तरी विचारतेय. पण सकाळी सुई घेणारी माणसं तोवर थांबू शकत नाहीत. म्हणून बालाजीभाऊंना आणि जिंतूर-सेलूकडून आलेल्या मेडिकलवाल्या भावांना भरसभेत मागते. फ्रीजचा एक कप्पा द्या. बाहेर एक बाकडं टाका. बीपीचा पट्टा काचेच्या कपाटात ठेवू नका, हाताशी ठेवा. आणि आलेल्या माणसाला गोळी द्यायच्या आधी दोन शब्द विचारा. अप्पांनी यापेक्षा मोठं काही केलं नाही.

आणि बाकीच्यांनो, मैताच्या घरी काही मागू नये म्हणतात. तुम्ही मागा. माझ्या दारात येऊन मागा. मी रडत असले तरी मागा.

आता उभे राहा आणि थोडा वेळ कोणीच काही बोलू नका. बालाजीभाऊ, तुम्ही मात्र उभे राहू नका. तुम्ही जा आणि शटर उघडा. त्या शटरचा आवाज इथं ऐकू आला तर कोणी रागावू नका, शांतता मोडली असं समजू नका.

शरणु शरणार्थ. जयभीम. सगळ्यांना नमस्कार.

आणि एक राहिलं, तेवढं सांगून बसते. पोरीला परभणीला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या विधवेनं उंबरा ओलांडला, दारोदार फिरली, असं गावात बोललं जातं. खरं आहे. फ्रीजमधले सगळे डबे मी पिशवीत घातले, ज्याच्या त्याच्या दारात गेले, आणि यातलं औषध टोचू नका, आजच नवं आणा, असं प्रत्येकाला सांगून आले.