गनीभाईचा आजचा भाव

नाही नाही नाही, पेलेचं नाव काढू नका! हात जोडतो तुम्हाले. बाकी काहीबी इचारा, मलकापूरची गाडी कधी लागते ते इचारा (ते मले माहीत नाही, स्टँडातल्या कंट्रोलरलेबी माहीत नाही), पण 'पेले आज असता तं त्याले किती भेटले असते' हे नका इचारू! त्या एका प्रश्नानं माह्या घराची पार वाट लावली, राजेहो. हसू नका. तुम्ही बाहेरगावचे दिसता म्हणून सांगून राह्यलो, गावात तोंड उघडायची सोय नाही राह्यली मले. सरका जरासे… हां.

तं आम्ही रिटायर माणसं. सकाळी चौकातल्या टपरीवर बसतो. बाकीचे लोक राजकारण बोलतात, आम्ही फुटबॉल बोलतो, काऊन का आम्ही एका काळी बुलढाण्याच्या टीमकडून खेळलेलो. म्हणजे खेळले ते गनीभाई! अब्दुल गनी, टेलर, सेंटर फॉरवर्ड, नऊ नंबर. मी काय, गोलकीपर. बॉल येऊन माह्या अंगावर आपटायचा अन् लोक म्हणायचे, वा सुधाकर, काय अडवला! पण गनीभाई? खामगावच्या फायनलमधी अकोल्याच्या टीमले तीन गोल टाकले त्या माणसानं, एक तं हवेत आडवं होऊन, गोलकडे पाठ करून! पब्लिकनं खांद्यावर घेतलं, टोप्या उडवल्या, अन् बक्षीस काय भेटलं? स्टीलची बादली. अन् दोन केळं. ती बादली त्यांच्या घरवाल्या सरवरीभाभी अजून वापरतात, त्यांच्या घरी पाहुण्याले पाय धुवायले पाणी त्याच बादलीत येते. आता सांगा, आजच्या भावानं त्या बादलीचे किती झाले?

पाहा, आलं का तोंडात! आजच्या भावानं! टपरीवर हेच चालते हो दिवसभर. कोणीतरी मोबाईलमधी वाचून दाखवते, अमक्या पोराले तमक्या क्लबनं इतके कोटी देऊन घेतलं, शून्य मोजता मोजता माह्या चहावर साय धरते, अन् मंग सुरू… पेलेले आजच्या भावानं लावा! मॅराडोनाले लावा, नुसता डावा पाय लावा! एक म्हणते पेलेले आज अख्खा देश लिहून दिला असता. दुसरा म्हणते छे बे, तेव्हा आतासारखे डिफेंडर कुठी होते? जसे का हे सोता मार्किंगले गेल्ते! अन् गनीभाई कोपऱ्यात बसून बशीत चहा ओतत हळूच इचारायचे, "सुधाकर… सच बता यार. आजच्या भावानं मी किती झालो असतो?"

मस्करीत नव्हते इचारत, हे ध्यानात घ्या. रेडिमेडनं त्यांची मशीन बंद पाडली, गुडघ्यानं चालणं बंद पाडलं, पोरगं औरंगाबादले गेलं ते तिकडचंच झालं. माणूस हळूहळू घरातच बसायले लागला, टपरीवरबी चार दिवसातून एकदा. ज्याच्यापायी खामगाव उभं राह्यलं होतं, त्याले आता रस्त्यानं जाताना कोणी ओळखत नव्हतं. त्याले एक आकडा पाह्यजे होता. आपण काहीतरी होतो, एवढं सांगणारा एक आकडा. मले लय वाईट वाटायचं हो, पण माह्याजवळ कुठला आकडा? मी जिल्हा परिषदेत जावक नंबर टाकणारा माणूस!

अन् अशात उगवला आमचा पुतण्या, आल्हाद. पुण्याले एमबीए केलेला. बोलते कसा ऐका, "काका, इथे टॅलेंट आहे, पण ब्रँडिंग नाही. आपण लीग काढतोय. ऑक्शन करणार, आणि ऑक्शनच्या आधी लेजंड्सचं सिम्बॉलिक ऑक्शन. जुन्या प्लेअर्सना आजच्या मार्केटमध्ये काय व्हॅल्यू मिळाली असती, ते लोकांना कळायला नको?" म्या म्हटलं, बाप्पा, हा आजार घराण्यातच हाय का काय! पण गनीभाईले कळलं, अन् काय सांगू… माणूस उठला! मशीनीले तेल घातलं, सोताच्या हातानं पिवळी जर्सी शिवली, मांगं नऊ नंबर, इतका मोठा का कमरेखाली उतरला. सरवरीभाभी आमच्या शारदाले म्हणे, "निकाहच्या टायमाले इतके नटले नव्हते."

अन् आमची शारदा मले काय म्हणे? "अहो, तुमचा लिलाव काऊन नाही ठेवला?" म्या म्हटलं, मी कीपर, कीपरले भाव नसते. तं म्हणते, "भंगारवाल्याले तरी इचारून पाहायचं." असो.

लिलावाचा दिवस. मंगल कार्यालय फुल्ल. टीमचे मालक समोर सोफ्यावर, तिघंबी प्लॉटिंगवाले. अन् बोली लावणारा जो नागपूरहून येणार होता, तो आलाच नाही! आल्हादले घाम फुटला. तेवढ्यात कोणीतरी म्हणे, अरे धामणगाव बढ्याचे जानराव मांगं जेवून राह्यले, बैलबाजारातले एक नंबरचे दलाल, आयुष्यभर सौदेच केले त्यांनी, त्यांच्या हातून जोडी कधी परत गेली नाही. आल्हाद म्हणे, परफेक्ट! अन् हात बी धुवू न देता जानरावले स्टेजवर बसवलं.

आता मले सांगा, तुम्ही बैलबाजार पाह्यला ना? तिथी भाव बोलतात का? नाही! दलाल हातावर दुपट्टा टाकते, घेणाऱ्यानं दुपट्ट्याखाली हात घालायचा, बोटं दाबायची, एक बोट, दोन बोटं, जे काय असन ते खालच्या खाली. भाव दोघांले माहीत, तिसऱ्याले नाही. पुण्याच्या एमबीएत हे शिकवत नाहीत वाटते! जानरावनं माईक घेतला, पाह्यला, मांडीखाली सारला, हातावर दुपट्टा टाकला अन् बसले समाधी लावून. आल्हाद खालून वरडते, "काका, बिड बोला ना, बिड!" जानराव म्हणे, "भाव काय बोलायची गोष्ट हाय, बापू? बैलासमोर बैलाचा भाव बोलत नसतात. जनावराले वाईट वाटते."

मंग काय! पह्यले आले चंद्रशेखर मास्तर, अनवाणी खेळायच्या काळातले, आमच्याबी आधीचे. त्यांचा जावई बांधकाम खात्यात, तं तिघंबी प्लॉटिंगवाले उठले, दुपट्ट्याखाली हातावर हात! पब्लिक इचारून राह्यलं, किती? किती? जानरावचा चेहरा जसा का तसा. मंग एकदम वरडले, "झालाऽऽ!" अन् बाजारात विकलेल्या बैलाले लावतात तसा मूठभर गुलाल मास्तरांच्या पाठीवर! मंग मोतीराम, आमच्या मागून खेळलेला, आता सोता नगरसेवक. जन्मात एक गोल, तोबी सोताच्याच टीमवर! त्याच्यासाठी तं दुपट्टा फाटायची पाळी आली. झालाऽऽ! गुलाल! म्हणजे पाहा, बाजार गोल नाही पाहत राजेहो, गोतावळा पाहते.

अन् मंग गनीभाई.

पिवळी जर्सी, खाली पायजमा, गुडघा दुखत असून छाती अशी काढून उभे. जानरावनं दुपट्टा पसरला. कोणीच उठेना! एक मालक मोबाईल पाहून राह्यला, एक बुंदी खाऊन राह्यला, तिसरा तं बाहेरच गेला. टेलरले घेऊन काय करतीन, त्याचा ना जावई खात्यात, ना पोरगा वॉर्डात! मी म्हणतो खोटं-खोटं तं होतं ना सगळं? सिम्बॉलिक! खिशातून दमडी जाणार नव्हती! खोटा हात घालायलेबी मन नाही झालं कोणाचं? गनीभाई पह्यले सोफ्याकडे पाहत होते, मंग छताकडे पाहायले लागले. छाती अजून तशीच काढलेली, पण ओठ हालायले लागले होते हो… मले नाही पाहवलं. मी उठलो. शारदानं मांगून शर्ट ओढला, एक बटन तुटलं, तरी गेलो अन् घातला हात दुपट्ट्याखाली.

जानरावचा हात म्हणजे वाळलेली भाकर. माह्यं एक बोट धरलं अन् डोळ्यानं इचारलं, लाख? आता मले काय माहीत खोटं का खरं, उद्या आल्हाद बिल घेऊन आला म्हणजे? अन् मी पडलो क्लार्क, हात आपोआपच आखडते! म्या मान हालवली. हजार? परत हालवली. अखेर अगदी हळू म्हटलं, शंभर. गनीभाई, तीन गोल, त्यातला एक हवेत आडवं होऊन… शंभर. जानरावनं माह्याकडे पाह्यलं. अन् मंग इतक्या जोरात वरडले का बुंदीवाल्याची प्लेट पडली, "झालाऽऽ!" अन् दोन मुठी गुलाल!

गनीभाई रडले. तो गुलालाचा शर्ट अजून धुतला नाही त्यांनी. सरवरीभाभी म्हणे, "इतकी वर्षं मी सांभाळले, इकायच्या आधी मले तरी इचारायचं!" पण खूश होती ती बाई.

लीगचं काय झालं म्हणता? काय होते! ग्राउंड प्रदर्शनीले दिलं, तिथी आता आकाशपाळणा फिरते. आल्हाद पुण्याले वापस. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गनीभाई माह्या दारात हजर! "मालक." मले, मालक! "मालक, आजच्या भावानं मी किती झालो?" म्या म्हटलं, लय. "लय म्हणजे?" म्या म्हटलं, बैलासमोर… आपलं, खेळाडूसमोर भाव सांगत नसतात. तं हा माणूस गुडघा ओढत एसटीनं गेला ना सरळ बाजारात, जानरावकडे! अन् जानरावनं काय करावं? दुपट्टा टाकला, त्याखाली गनीभाईचे दोन्ही हात धरले, अन् दाही बोटं दाबली. वापस येऊन गनीभाई मले सांगतात, "म्या पुसलं, हजार? तो हाललाच नाही. म्या पुसलं, लाख? त्यानं डोळे मिटले, सुधाकर. डोळे मिटले!"

दहा लाख!

झालं. दुपारपर्यंत सगळ्या बुलढाण्याले माहीत, सुधाकरनं गनीभाईसाठी दहा लाख मोजले. शेजारी उसने मागायले आले. जावयानं फोन करून 'सहज' तब्येत इचारली. अन् शारदा? "आपल्या पोरीच्या, रेवतीच्या लग्नात बँडवाल्यासोबत शंभरासाठी भांडलात, अन् दहा लाख? कुठी ठेवले होते?" सांगून टाकावं म्हणता खरं? अहो, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही! सकाळी तिले सांगितलं का दुपारी सरवरीभाभीले, अन् संध्याकाळी गनीभाई खाटेवर, ते परत उठणारच नाहीत. मंग काय, खरं सांगितलं तं ते मरतात, चूप राह्यलो तं मी मरतो. अन् ते असे ठणठणीत झाले का बस! रोज पहाटे आकाशपाळण्याखाली वॉर्मअप करतात. "मालक, गुडघ्याले तेल आणा." "मालक, बूट पाह्यजे." परवा तं म्हणे, "मलकापूरवाले मले मागून राह्यले, पण मी नाही जात. तुह्यं मीठ खाल्लं." एक टीम, एक खेळाडू, ग्राउंड नाही, मॅच नाही, अन् मी मालक!

ए… चूप, चूप! आले. तो पिवळा शर्ट, तेच. काही बोलू नका, तुम्हाले तुमच्या पोराबाळांची शपथ!

या, या गनीभाई! हाव, हे पाहुणे मलकापूरचे. हो, सांगितलं ना यांले! दहा लाख, हाव… मीच दिले. स्वस्तात भेटले म्हणतो मी! काय? पेले? हां, पेले तुमच्यापेक्षा थोडा जास्त गेला असता, थोडाच. काय म्हणता? सगळ्या पाहुण्यांले चहा, मालकाकडून? सगळ्यांले?… बरं. सांगा. बारा सांगा.

ऐका, जरा इकडे कान करा. बारा चहा, दहा रुपये कप, एकशेवीस झाले. त्यांच्यापेक्षा वीस रुपये जास्त. आता प्या गुपचूप, अन् साखर कमी हाय म्हणून सांगू नका, लय महाग पडला हा चहा मले… आजच्या भावानं.