कोपरा नसलेलं पत्र

शांताबाई, तुमचा अरुण पुढच्या महिन्यात जर्मनीला शिकायला निघणार, म्हणून माझा एक नवस आठवला. आमचा मधू विलायतेला कॉलेजात गेला, तेव्हा मी माहूरच्या रेणुकेला बोलले होते, की त्याच्या खुशालीचं पत्र येईपर्यंत चहात साखर घेणार नाही.

दीड महिना तसाच चहा प्याले. मग एका दुपारी शेजारच्या वकिलांच्या घरून पत्र आलं. मी देवळात गेले होते, म्हणून पोस्टमन ते त्यांच्याकडे ठेवून गेला होता. हातात घेतलं, तर वरचा कोपराच नाही. आपल्याकडे कोपरा फाडलेलं पत्र मयताचं असतं. पत्ता इंग्रजीत, मला तो वाचता येईना. वरण अर्धकच्चं उतरवलं, चुलीवर पाणी ओतलं आणि भिंतीला टेकून बसले.

हे शाळेतून आले. पत्र उलटसुलट पाहून म्हणाले, "अवं, पत्ता तं मधूच्याच हातचा हाय. सोताच्या मयताचं पत्र पोट्टा सोताच लिहीन काय?"

त्यांनी पाकीट फोडून वाचलं. आत मधूने विचारलं होतं, "आई, वरणात हळद केव्हा टाकू?"

तेवढ्यात वकीलसाहेब कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, तिकीट लय सुंदर होतं, म्हून मीच कापून घेतलं."

मी रडता रडता हसले आणि पुन्हा चूल पेटवून आधी गोड चहा ठेवला.

तुम्हीही रेणुकेला बोला, शांताबाई, ती ऐकते. फक्त वकीलसाहेबांना आधीच सांगून ठेवा, "तिकीट तुमचंच, पण कात्री आम्ही पत्र वाचल्यावर."