डावा हात, मंगळवार सकाळ

पोलीस ठाणे ॲशफोर्ड फॉल्स, ओहायो
दि. ११ मार्च २०२५, सकाळी ९.०५

नाव: लॉरेटा जोन क्विग्ली. वय: ६२ वर्षे. धंदा: रुग्णालयाच्या बिलांचे कोडिंग, घरून. राहणार: टॅनर रोड, हार्लन मिल्स, येथून पासष्ट मैल.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. चोवीस वर्षे माझे काम एकच आहे. शस्त्रक्रियेचा अहवाल वाचायचा आणि त्यात जे जे केले त्याला ठरलेला आकडा, म्हणजे कोड, लावायचा. त्यावरून विमा कंपनी बिल पाहते. रुग्ण मला कधी दिसत नाही. आमच्याकडे नियम असा की अहवालात लिहिलेले नसेल तर ते झालेच नाही, मग डॉक्टर घसा फोडून का सांगेनात.

दि. १२ फेब्रुवारी रोजी सकाळी १०.४० वाजता माझ्याकडे एक फाइल आली. शस्त्रक्रिया ६ फेब्रुवारीची. मथळ्यात लिहिले होते, ‘डाव्या काखेतील गाठींची बायोप्सी’. मजकूर वाचला तर सर्जनने सगळी काख साफ केलेली, म्हणजे तिथल्या सगळ्या गाठी काढलेल्या. सोबतच्या तपासणीत एकोणीस लसिका गाठी मोजलेल्या, पैकी दोनमध्ये कर्करोग. बायोप्सीचा कोड ३८५२५, सगळी काख साफ केली तर ३८७४५. मथळ्यावर विश्वास ठेवणारा कोडर आठवडाभरही टिकत नाही. पण मथळा एक आणि मजकूर दुसराच असेल तर मनाने ठरवायचे नसते, सर्जनकडे लेखी खुलासा मागायचा असतो. तो मी मागितला.

त्याच अहवालात पुढे एक ओळ होती, ‘डाव्या दंडावर चार सेंटीमीटरचा जुना व्रण.’ तोवर मी नाव वाचले नव्हते, आम्ही क्रमांकावर काम करतो. ती ओळ वाचून मी पहिले पान उघडले. कॉरिन क्विग्ली, वय ३८. ती माझी मुलगी आहे. नऊ वर्षांची असताना ती गोठलेल्या तळ्यावर स्केटवरून पडली होती. दवाखाना येईपर्यंत दंडावर टॉवेल मी दाबून धरला होता. त्या व्रणाला कोड नसतो.

ओळखीच्या माणसाची फाइल आली तर ती त्याच क्षणी वरिष्ठांकडे परत द्यायची असते. मी दिली नाही. खुलासा यायला तीन दिवस लागले, तेवढ्यात मी ती अकरा वेळा वाचली. मला कोणी भरीला घातले नाही. आज सकाळी वरिष्ठांना फोन करून मीच हे कळवले आहे. नोकरी जाईल, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पहिल्या पानावर तिचा पत्ता होता, इथला, ॲशफोर्ड फॉल्सचा. खाली ‘अडचणीत कोणाला कळवावे’ असा रकाना असतो. त्यात ‘कोणी नाही’ असे टाइप केलेले होते.

जबाब घेणारे ऑफिसर वॉइचिक यांनी विचारले की मायलेकी चार वर्षे का बोलत नाहीत. तिच्या वडिलांच्या दफनानंतर, चर्चच्या तळघरात, हॅम सँडविच मांडलेल्या टेबलापाशी मी तिला एक वाक्य बोलले. ते मला तोंडपाठ आहे. ते इथे लिहू नये, अशी मी विनंती केली.

“बाई, लिहिलं नाही तर कोणाला कळणार कसं?” ऑफिसर म्हणाले.

“म्हणून तर म्हणते, नका लिहू.”

काख साफ केल्यावर त्या हाताने काही आठवडे चार लिटर दुधाच्या कॅनहून जड काही उचलायचे नसते, ओढायचेही नसते. तिच्या गल्लीत कचऱ्याची गाडी मंगळवारी येते. चाकांचा मोठा डबा घराच्या मागे असतो, आणि फेब्रुवारीत त्याची चाके बर्फात रुतून बसतात. म्हणून १८ व २५ फेब्रुवारी, ४ मार्च आणि आज, असे चार मंगळवार मी पहाटे घरून निघून तो डबा रस्त्याच्या कडेला आणला, आणि आजचा दिवस सोडता, गाडी येऊन गेल्यावर परत मागे नेऊन ठेवला. मी दारापाशी गेले नाही, घंटी वाजवली नाही. दर वेळी बार्लीचे सूप करून नेत होते. आधीच्या तिन्ही वेळी ते परत घरी नेऊन मीच प्यायले.

मला तिची फार आठवण येते. हे ऑफिसरनी विचारलेले नाही, तरी सांगते.

आज सकाळी ७.२० च्या सुमारास मी डबा ओढत असताना शेजारचे श्री. जेराल्ड प्रुइट, वय अंदाजे ७५, झग्यावर कोट घालून बाहेर आले.

“ओ बाई! काय चोरताय त्या डब्यातनं?”

“कचरा कोणी चोरतं का हो आजोबा?”

“आजोबा कोणाला म्हणता? तुम्ही काय कॉलेजात जाता? चार आठवडे बघतोय मी. त्या पोरीला बरं नाहीये, आणि तुम्ही तिच्या घरामागं घुटमळताय!”

“मग चार आठवडे नुसतं बघत काय बसलात? डबा ओढायचा की!”

असे बोलल्यावर त्यांनी पोलिसांना फोन केला. माझे तोंड असेच आहे. चार वर्षांपूर्वीही याच तोंडाने घात केला.

आमच्या आवाजाने स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा लागला. कॉरिन खिडकीत आली. तिने केस कापले आहेत. तिने माझ्याकडे बघून हात वर केला. श्री. प्रुइट यांचे म्हणणे, तिने मला निघून जाण्याची खूण केली.

ऑफिसरनी माझ्यासमोर तिला फोन लावला. तिची तक्रार नाही.

“आणखी काही म्हणाली?” मी विचारले.

“नाही बाई. तक्रार नाही म्हणाली आणि फोन ठेवला.”

वरील जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात खिडकीचा भाग एवढाच होता, ‘मुलगी खिडकीत दिसली.’ हे अपुरे आहे, असे मी सांगितले.

“बाई, तिनं बोलावलं की हाकललं, सांगा, तसं लिहितो.”

“ते मला कळलं नाही. पण डावा हात होता. कानाच्या वर गेला. ऑपरेशननंतर पाच आठवड्यांत तेवढा वर न्यायला रोज व्यायाम म्हणून भिंतीवर बोटं चढवावी लागतात, रडू येईस्तोवर. ती ते करतेय.”

“त्यानं केसला काय फरक पडतो?”

“तुम्ही लिहिलं नाहीत तर ते झालंच नाही.”

त्यावरून पुढील ओळ घालण्यात आली: ‘कॉरिन क्विग्ली हिने सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी, आईकडे पाहत, डावा हात कानाच्या वर उचलला.’

ही ओळ मी दोनदा वाचून घेतली. ती मी सांगितली तशीच आहे. बाकीचाही जबाब बरोबर आहे. सही करते.

लॉरेटा जे. क्विग्ली