बाजूनं बघ

सॅली : पण पप्पा, हे लिहू कसं? ‘प्लीज, नाक काढू नका’?

सोलोमन : तसंच लिही. माझं इंग्रजी म्युझियमच्या साहेबांना समजतं, पण पटत नाही. तू बँकेत पत्रं लिहितेस, तुझं पटेल.

सॅली : तुम्हाला फक्त क्लीन करायला सांगितलं होतं ना?

सोलोमन : हो. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हिला, या रोमन बाईच्या पुतळ्याला, संगमरवरी नाक बसवलं होतं. आतली लोखंडी खीळ गंजली, नाक निखळलं. साहेब म्हणाले, जागा साफ करा आणि तशीच ठेवा. मी प्लास्टरचं नवं केलं.

सॅली : न विचारता?

सोलोमन : त्या जुन्या कारागिरांनी कुणाला विचारलं होतं? या रोमन बाईचे केससुद्धा तासून नव्या फॅशनचे केले त्यांनी. त्यांचं काम म्युझियममध्ये मिरवतंय, आणि माझं काढायला सोमवारची मुदत!

सॅली : पण का केलं? सोळा वर्षं सांगतील तेवढंच करता. टी-ब्रेकसुद्धा दोन मिनिटं आधी घेत नाही तुम्ही.

सोलोमन : इकडे ये. बाजूनं बघ. कोण दिसतं?

सॅली : रोमन लेडी.

सोलोमन : नीट बघ गं.

सॅली : ...मम्मी?

सोलोमन : बघ! दिसली ना? मार्चमध्ये ती गेली, तू वॉटफर्डला. घरात बोलायला कोण आहे? इथं सकाळी आलो की हिला म्हणतो, सिमा, आज फार गारठा आहे.

सॅली : पप्पा, मी नुसता अंदाज केला. हे नाक मम्मीचं नाही. तुमचं आहे.

सोलोमन : काहीतरी बोलू नकोस.

सॅली : काम करताना तुम्ही सारखे स्वतःचं नाक चाचपता. घरी यायचात तेव्हा नाकावर पांढरं असायचं. मम्मी म्हणायची, आला माझा जोकर.

सोलोमन : मग तिचं कसं होतं?

सॅली : डावीकडे वाकडं. हॅरो स्टेशनच्या जिन्यावर बर्फात पडली होती ना?

सोलोमन : पडली होती. मीच तिला हॉस्पिटलात नेलं. वाकडं झालं होतं?

सॅली : थोडं.

सोलोमन : सव्वीस वर्षं समोर बसून जेवलो, सॅली. आठ महिन्यांत विसरलो?

सॅली : विसरला नाहीत. तुम्हाला कधी दिसलंच नाही. मम्मी सगळ्यांना सांगायची, आमच्या ह्यांना अजून कळलेलं नाही. काय खूश व्हायची!

सोलोमन : पत्र फाड. सोमवार कशाला, आत्ताच काढतो.

सॅली : राहू दे ना. मी छान लिहिते.

सोलोमन : काय लिहिशील? म्हाताऱ्यानं स्वतःचं नाक बसवलंय, तेवढं ठेवा? ती बारीक छिन्नी दे.

(प्लास्टर सुटून टेबलावर पडतं.)

सॅली : पप्पा, रडू नका ना.

सोलोमन : डावीकडे म्हणजे किती गं? माझ्या नाकावर बोट ठेवून दाखव.